पांढऱ्या मुळीचा बहार

संक्रांत जवळ आली की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत कांदे येऊन बसतात. एकेका बाटलीच्या तोंडावर एकेक कांदा, बुड पाण्याला जेमतेम टेकलेलं. सांगलीची थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून बाहेर काढायचं निमित्त, पण सकाळी काचेवर वाफ धरते आणि तिच्याआड त्या कांद्यांच्या पांढऱ्या दाढ्या गुपचूप लांबत असतात. बी.एस्सी.ची मुलं आत येताना नाक मुरडतात. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, भजी करायची का?" मी म्हणते, करू की, आधी मुळीचं टोक कापून त्यातली एक तरी पेशी दुभंगताना मला दाखव. मग भजी माझ्याकडून.

आणि त्याच आठवड्यात आत्तीचा फोन येतो. आत्ती म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. राहते आटपाडीच्या बाजूला, माळावर, स्वतःच्या डाळिंबाच्या बागेत. आपला आवाज सांगलीपर्यंत आपल्याच ताकदीवर पोचवायचा आहे, अशा समजुतीने ती फोनवर बोलते.

"वैशे, भोगीला पानी सोडतोय. येतीस न्हवं?"

यात प्रश्न नसतो. मी रजेचा अर्ज आधीच टाकलेला असतो.

बहार म्हटलं की लोकांना फुलं दिसतात. मला मुळ्या दिसतात, आणि याचा मला बऱ्यापैकी गर्वही आहे. डाळिंबाचं झाड आपल्या मनाने वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं, पण तसं फुलणं बागायतदाराच्या कामाचं नाही. म्हणून आधी त्याचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात, बागेच्या काटक्या होतात. नवख्या माणसाला वाटावं, गेली ही बाग. मग ठरल्या दिवशी पाणी सोडायचं, आणि झाड इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढतं. वर पालवी येते, कळी येते, ते सगळ्यांना दिसतं. पण त्याच्याही आधी खाली मातीत, कुणाच्या नजरेला न पडता, नव्या मुळ्यांची झुंबड उठते. आत्ती तिला पांढरी मुळी म्हणते. त्या आठवड्यात तिच्या माळाखाली जेवढ्या पेशी दुभंगत असतात, तेवढ्या माझ्या खिडकीतल्या कांद्यांनी सात जन्म घेतले तरी व्हायच्या नाहीत.

मी साताऱ्याला एम.एस्सी. करत होते, त्या हिवाळ्याची ही गोष्ट. गोष्ट तरी कशाला म्हणू? एक हंगाम होता. त्या हंगामाचा वास अजून माझ्या नाकात आहे: मेंढरांची लेंडी, निंबोळी पेंड, आणि प्रयोगशाळेतल्या कार्माइन रंगाचा आंबूस वास.

आमच्या मॅडम कडक होत्या. कांद्याच्या मुळीचं टोक काचेवर ठेवायचं, तांबडा रंग घालायचा, वरून पातळ काच आणि मग अंगठ्याने दाबायचं, पेशी एकमेकींपासून सुट्या होतील एवढंच. माझ्या पहिल्या चार काचा फुटल्या. "भाकरी थापतेस का गं?" मॅडम म्हणाल्या. थापत होतेच. आमच्या घरात मुलीच्या हाताला दुसरं काय माहीत? पण एकदा दाब जमला आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून खाली पाहिलं. लाल सुतांची गुंतवळ, मग ती सुतं मधोमध रांगेत उभी राहिलेली, मग दोन्हीकडे ओढली गेलेली, जणू दोघांनी मिळून झोळीचं तोंड फाकवावं तशी. आणि शेवटी मध्ये एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे नवी भिंत. आपल्या अंगातली पेशी कडेने आवळत जाऊन तुटते, झाडाच्या पेशीत भिंत मधून निघते आणि दोन्ही कडांना जाऊन टेकते. भिंत टेकली की वाटणी पुरी झाली. एकाची दोन घरं झाली आणि मुळी तेवढी पुढे सरकली. झाडाचं सगळं चालणं एवढंच, आणि हे मला दिसलं म्हणून मी त्या दिवशी मेसमध्ये दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्याच वर्षी दिवाळीत अण्णांबरोबर मी आत्तीकडे भाऊबीजेला गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. विट्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथे त्यांची डाळिंबाची बाग एके काळी बघायला माणसं यायची. आत्तीची बाग त्याच बागेची लेक. ती लावण्याआधी आत्ती कितीतरी वर्षं मेंढरांमागे चालली होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि कोरेगावच्या, कऱ्हाडच्या हिरव्या रानांकडे निघायचं, पावसाळ्याला माळावर परत. आपल्या चुलीचे दगड एका जागी दोन पौर्णिमा तापले नाहीत, असं ती सांगते. माळावर कालव्याचं पाणी आलं तेव्हा तिने मेंढरं दिराच्या हवाली केली आणि म्हणाली, आता बास, मी बसणार. आधी बाग लावली, घर मागून बांधलं. रोपवाटिकेतली रोपं तिला दाखवली तर तिने ती हुंगून परत केली. "कुनाच्या पिशवीतलं म्या न्हाई लावायची. माज्या भावाच्या बागंतलं दे." अण्णांनी भावाच्या मायेने सगळी रोपं करून दिली होती.

तर त्या भाऊबीजेला बाग पिवळी दिसली. ताणाची पिवळी छटा निराळी असते, ती सगळ्या झाडांवर सारखी येते. ही ठिगळाठिगळांची होती. एक झाड बरं, शेजारची तीन कोमेजलेली, भर पाण्यातही पानं मलूल. अण्णांनी बांधावरून नुसती नजर फिरवली. त्यांची स्वतःची बाग अशीच बसली होती, दोन वर्षांपूर्वी. मर लागली, असं सगळे म्हणाले होते. मर म्हणजे काय ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना दत्तादादाने विषय काढला. दत्तादादा आत्तीचा एकुलता मुलगा. "मामा, म्या जेसीबीवाल्याला सांगितलंय. संक्रांत झाली की बाग उपटायची. मेव्हणा बलावतोय कोइमतूरला, गलाईच्या दुकानात. जुनं सोनं आटवायचं काम. आईला बी नेतो."

आमच्या भागातली निम्मी माणसं असं सोनं आटवायला दक्षिणेत गेलेली, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. नवल आत्तीचं होतं. ती वाढत होती ती वाढतच राहिली. मग परातीत पीठ मळायला बसली, भाकऱ्या पुरेशा झालेल्या असताना. मी तिच्याकडे पाहिलं. जन्मभर चाललेली बाई एकदा कुठे बसली होती, आणि आता तिला उठा म्हणत होते.

मी खुरपं घेऊन बागेत गेले. अण्णाही मागोमाग आले. मलूल झाडाच्या बुडाशी थोडी माती उकरली, एक बारीक मुळी ओढून काढली. मुळीवर गाठीच गाठी, सुतळीत मूग ओवावेत तशा. दुसरी काढली, तीही तशीच. अण्णा त्या मुळ्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "चल, यष्टी चुकंल." मी मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून साताऱ्याला नेल्या.

गाठीची आतली बाजू बघायची तर दाबून चालत नाही, काप घ्यावे लागतात. गाजराच्या फोडीत मुळी धरायची आणि ब्लेडने कापत जायचं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. माझे कितीतरी काप फुकट गेले. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, सकाळी धुक्यात अर्धा, दुपारी पुरा, आणि मी त्याला पाठ करून बसलेली. एका दुपारी काप बरोबर लागला. मी पाहिलं आणि मॅडमना हाक मारली, तीही वर्गातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

नेहमीच्या बारक्या पेशींच्या मधोमध चार-पाच राक्षस होते. पेशीच त्या, पण एकेक शेजारणींच्या कितीतरी पट मोठी. आणि त्यांच्या पोटात एक केंद्रक असायचं तिथे घोळका. केंद्रकं दुभंगली होती, पुन्हा दुभंगली होती, पुन्हा पुन्हा, पण मधली ती बारीक रेघ, ती भिंत, कुठेच पडलेली नव्हती. त्या राक्षसांना तोंड लावून एक मोत्यासारखा गोल दाणा बसला होता. सूत्रकृमीची मादी. मॅडमनी बराच वेळ नळीतून पाहिलं आणि मान वर करून म्हणाल्या, "भाकरी चांगली थापलीस." पदवीच्या कागदापेक्षा ते वाक्य मी जास्त जपून ठेवलं आहे.

फोनमध्ये फोटो घेऊन मी पुढच्या रविवारी आत्तीकडे. तिने फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"हे काय गं? वारूळ हाय व्हय?"

"मुळीच्या आतलं घर आहे, आत्ती. ही एकेक खोली. प्रत्येक खोलीत एक कारभारी. मुळीला वाढायचं असलं की कारभाऱ्याचे दोन होतात, मध्ये भिंत पडते, दोन खोल्या, दोन चुली."

"वाटनी हुती म्हन की."

"वाटणीच. आता हा जंत बघ. केसाहून बारीक असतो, मातीत असतो. मुळीच्या टोकापाशी आत शिरतो आणि मधल्या दोन-चार खोल्या धरतो. तोंडात सुई असते त्याच्या. ती टोचून थुंकी सोडतो, आणि त्या थुंकीने काय होतं, तर कारभारी वाढत राहतात पण भिंत पडतच नाही."

आत्तीने फोटोवर बोट ठेवलं. "म्हंजे घरात भाऊ वाढलं, पर भिताड न्हाई. समदी एकाच चुलीवं."

"आणि त्या चुलीवरचं सगळं रांधलेलं याच्या पोटात."

"आयत्या पिठावं रेगुट्या. आन खाऊन जातोय कुटं त्यो?"

"तो नाही, ती. मादी असते. कुठेच जात नाही. एकदा खायला बसली की तिचं चालण्याचं बळच जातं. फुगते, तिथेच अंडी घालते, तिथेच मरते. त्या चार खोल्या आहेत म्हणून ती आहे."

आत्ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "बया. म्हंजे माज्यागतच की. चालायचं सोडलं आन बसली एका जाग्याला." मग हसू आवरून म्हणाली, "पर म्या राबून खाती."

दत्तादादा दारात उभा राहून ऐकत होता. आत्तीने थोडा विचार केला. "मंग वाटनीच हुऊ द्यायची न्हाई मुळीत. कारभारीच वाढलं न्हाई तर ही कशी जगंल?"

ती बरोबर बोलत होती. त्या पेशींचं दुभंगणं थांबवलं तर गाठच होत नाही, जंत उपाशी मरतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण मुळीचं वाढणंही त्याच दुभंगण्यावर. मी तसं सांगितलं. आत्ती म्हणाली, "म्हंजे जंताचं पोट आन झाडाचं पोट येकाच दोरीला बांदलंय." इतक्या नेमक्या शब्दांत मला ते परीक्षेतही लिहिता आलं नसतं, पण सुटका कशात आहे ते दोघींनाही अजून दिसलं नव्हतं.

दिसलं ते परत निघताना, एसटीची वाट बघत फाट्यावर बसले तेव्हा. जंताला जून मुळी चालत नाही, त्याला कोवळं टोक लागतं, जिथे वाटणी चालू आहे ते. बहाराच्या बागेत अशी टोकं वर्षभर सारख्या जोराने फुटत नाहीत. ताणात मुळी झोपते. पाणी सोडलं की सगळी एकदम जागी होते. म्हणजे जंताची वाट बघण्याची वेळ आणि मेजवानीची वेळ आपणच ठरवतो. आपल्याच हातात पाण्याची चावी आहे. मग आपण पंगतीला त्याच्या आधी जाऊन बसायचं. मी एसटी सोडून दिली आणि माळ तुडवत परत गेले.

"दत्तादादा, तू औषध कधी घालतोस?"

"पान पिवळं दिसलं की. उनाळ्यात घाटलं, दिवाळीआदी घाटलं."

"तेव्हा मुळी झोपलेली. औषध मातीत येऊन गेलं, जंत अंड्यात सुखरूप. आता घालू नकोस. आधी ताण दे. मग पहिल्या पाण्यालाच खत, औषध, सगळं."

"झाड आजारी, आन तू म्हंतीस त्येचं पानी तोडा." त्याचा आवाज चढला. "घरचं झालं थोडं, आन व्याह्यानं धाडलं घोडं. मेली तर?"

मेली तर. माझ्याकडे एक फोटो होता आणि एक तर्क. त्याच्याकडे पिवळी पानं होती आणि कोइमतूरचं तिकीट निघायचं होतं. मी भ्यायले, हे कबूल करायला आता काही जात नाही. "हलका ताण दे," एवढंच म्हणाले. तेवढ्यात आत्ती बोलली. "दत्त्या, न्हाईतरी तू उपटनारच हायेस. मराय आलेल्याला येक डाव जगवून बगाय काय जातंय? येवडा बहार माजा. म्होरं तुजं."

दत्तादादा म्हणाला, "संक्रांत झाल्यावं पंदरा दिस. जेसीबीवाला त्याच्या म्होरं थांबायचा न्हाई."

त्या संध्याकाळी मी सहज विचारलं, रोपं कशात वाढवली होती? आत्तीचा चेहरा खुलला. "तुज्या बापानं पिशवीत सवताच्या बागंतली माती भरली हुती. म्याच सांगितलं तसं. म्हनलं, माहेरची माती असली की झाडाला परकं वाटायचं न्हाई." सासरी येताना मुलीच्या ओटीत जसं माहेरचं धान्य घालतात, तशी प्रत्येक रोपाच्या ओटीत तिने माहेरची माती घेतली होती. जंत त्या मातीतूनच आला, हे माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. चूल फुंकायची थांबली ती.

मग म्हणाली, "तुज्या बापाला सांगू नगंस. मायेनं दिलंय त्यानं."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. आत्तीच्या दिराची मेंढरं पश्चिमेला निघायच्या आधी बागेत बसवली, सकाळी साऱ्या रानात उबदार लेंडी आणि लोकरीचा वास. त्या लेंडीत निंबोळी पेंड आणि मित्रबुरशी कालवून सावलीत ढीग घातला. ही बुरशी जंताची अंडी खाते, तिला ओल आणि ऊब लागते. आत्ती ढिगावर पोतं घालायची, पाणी शिंपडायची, हात खुपसून ऊब बघायची, बाळंतिणीच्या खोलीत जावं तशी हळूच. इकडे साताऱ्यात माझी प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कांद्याची काच बघितली आणि सहज विचारलं, केंद्रक दुभंगतं पण भिंत पडत नाही, असं कुठे होतं का? एवढाच प्रश्न. मी सुरू झाले ते माळ, मेंढरं, आत्ती, वाटणी आणि चूल सगळं सांगून मोकळी झाले. शेवटी ते म्हणाले, "पुरे बाई, पुरे." मॅडम मागे तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या.

भोगीचा दिवस. बाजरीच्या भाकरीवर तीळ, शेंगसोल्याची मिसळ भाजी, आणि बाग अशी की काड्यांचं कुंपण बरं. ढीग झाडांच्या बुडाशी पसरला, माती ओढली, आणि आत्तीने स्वतः ठिबकची चावी फिरवली. नळ्या फुसफुसल्या आणि मग थेंब सुरू झाले. एवढ्याशा थेंबांना सगळी माणसं टक लावून बघत होती. एकेका थेंबाभोवती मातीचा रंग बदलत गेला. दोन दिवसांनी औषधही त्याच पाण्यातून दिलं, ठरल्याप्रमाणे.

आणि मग पंधरा दिवस वाट बघणं. मी उकरायला गेले की आत्ती हात धरायची. "नवी मुळी उगडी करू ने. दिष्ट लागती." शिकलेल्या मुलीने यावर काय बोलावं? मीही नाही उकरली. मला खरं तर बघायचं धाडस नव्हतं.

जेसीबी आला त्या सकाळी आत्ती आमच्याआधी बागेत होती. सगळ्यात वाईट झाडापाशी बसलेली, त्याच झाडापाशी जिथे मी भाऊबीजेला खुरपं घातलं होतं. तिने हाताने माती बाजूला केली. खुरपं नाही घेतलं. मातीखाली मुळ्या होत्या. पांढऱ्या, कोवळ्या, काल रात्री भिजत घातलेल्या मटकीच्या मोडासारख्या, आणि भरपूर. तिने एक मुळी उचलली, बोटांच्या चिमटीतून टोकापर्यंत सरकवली. गाठ लागली नाही. दुसरी सरकवली. तिसऱ्या मुळीला एक बारीकशी गाठ लागली, तीही तिने मला दाखवली, मग पुढची दहा सरळ. ती उठली नाही, तशीच बसून राहिली, मातीने भरलेले हात मांडीवर ठेवून. "दत्त्या," तिने हाक मारली, "हिकडं ये. हात लाव."

दत्तादादाने हात लावला. मुळी चिमटीत धरून त्यानेही टोकापर्यंत सरकवली. जेसीबीवाला बांधावरून ओरडला, कुठून सुरू करू? आत्तीनेच उत्तर दिलं. "आलाच हायेस तर ह्यो बांद नीट करून दे. पावसाळ्यात फुटतोय."

त्या वर्षी बाग अशी फुलली असं मी सांगणार नाही की पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. काही झाडं गेलीच. पण उरलेली फुलली, लाल फुलं काटक्यांवर बसली, आणि पावसाळ्याआधी फळं इतकी धरली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. दत्तादादा पुढे कोइमतूरला गेला, पण मेव्हण्याला डाळिंबाची पेटी द्यायला, आणि परत आला. जंत संपला का? नाही, तो असा संपत नाही, अजूनही मातीत असतोच. पण आता दोन ओळींच्या मध्ये जंताला न मानवणारा झेंडू असतो, दसऱ्याला फुलं तोडतात आणि मुळ्या मातीतच ठेवतात. दरवर्षी भोगीच्या आधी ढीग लागतो, दरवर्षी पंगतीला आम्ही आधी बसतो. बसून खाणारीला आत्तीने आपल्या बागेत उपाशी कसं ठेवायचं ते शिकून घेतलं आहे. मी माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगते तेव्हा ती वहीत लिहायला लागतात. मी म्हणते, लिहू नका, आधी कांद्याकडे बघा.

आणि आता गेल्या भाऊबीजेचं. अण्णा थकलेत, पण आत्तीकडे जायचं म्हटलं की फेटा बांधतात. आपल्या मेलेल्या बागेच्या जागी त्यांनी इतकी वर्षं बाजरी आणि ज्वारीच घेतली, डाळिंबाचं नाव काढलं नाही. आत्तीने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. मग आत गेली आणि एक सूप घेऊन आली. सुपात डाळिंबाच्या गुट्या. फांदीची साल काढून तिच्याभोवती ओलं शेवाळ बांधायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक, की झाडावरच मुळ्या फुटतात. त्या मुळ्यांनी माती अजून बघितलेलीच नसते. आत्तीने सुपालाही ओवाळलं आणि ते अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

"ने. माज्या बागंतल्या हायत्या."

अण्णांनी एक गुटी उचलून दारातल्या उन्हात धरली. प्लास्टिकच्या आत शेवाळ, आणि शेवाळातून चहूकडे पांढऱ्या मुळ्या. बघता बघता त्यांचे डोळे भरले. "आक्का, त्या भाऊबीजेला पोरीनं मूळ उकारलं, तवाच वळाकलं म्या. माज्या झाडांना बी त्याच गाठी हुत्या. माजीच माती घातकी निगाली. तुला सांगायला तोंड न्हवतं."

मी आत्तीकडे बघितलं. इतकी वर्षं ती त्यांच्यापासून लपवत होती आणि ते तिच्यापासून.

"माती घातकी नसती रं," आत्ती म्हणाली. "चार वळखीची मानसं एका घरात बसली की त्यातलं येकादं आयतं खानारं निगतंच. म्हनून घर सोडायचं नसतंय." तिने त्यांच्या फेट्याची सुटलेली शेव नीट खोवली. "माती तुजी तुज्यापाशी हाय. बाजरी घिऊन घिऊन जंताची उपासमार झालीया, निवलीय ती. झाड माजं ने. आन पयल्या पान्याला मला बलाव, चावी म्या फिरवनार."

परवा तिचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, भोगीला किती वाजता पोचू? पलीकडून आवाज आला, सांगलीपर्यंत स्वतःच्या ताकदीवर पोचणारा. "हिकडं नगं येऊस. हितलं पानी दत्त्या सोडतोय. तू तुज्या बापाकडं ये. म्या माहेराला चाललीया."